मार कुठून आला

तिने खांद्यावरचा पत्रा अकराव्यांदा फोडला. पडद्यावरचा सैनिक गोळी लागून मागे झुकला, त्याच्या चिलखताचे सात तुकडे झाले, ठिणग्या उडाल्या आणि जमिनीवर पडलेले तुकडे दोन सेकंदांत नाहीसे झाले. चूक काढायला जागा नव्हती.

"देखणं आहे," मागे उभा असलेला कप्तान म्हणाला. "पण जरा चल माझ्याबरोबर. काचेपलीकडे काय चाललंय ते बघ."

कप्तान म्हणजे त्यांच्या गटाचा प्रमुख. त्याला पोहता येत नसे आणि होडीत बसलं की मळमळत असे, म्हणून हे नाव पडलं होतं. बारा जणांचा हा गट दोन वर्षं एकच गेम बनवत होता. आधी त्यात शत्रूच्या डोक्यावर एक लाल पट्टी असायची. गोळ्या लागतील तशी ती आखूड होत जाई. कप्तानाने ती काढून टाकली. खरा माणूस डोक्यावर पट्टी घेऊन हिंडत नाही, त्याला किती लागलंय ते त्याच्या अंगावर दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे सगळा भार चिलखतावर आला होता, आणि चिलखत हे तिचं काम होतं. अखंड, पोचे पडलेलं, फाटलेलं आणि निकामी अशा चार अवस्था तिने वर्षभर खपून घडवल्या होत्या.

काचेपलीकडच्या खोलीत, खेळून बघण्यासाठी बोलावलेला एक टकला गृहस्थ बसला होता. समोरचा सैनिक चौथ्या अवस्थेत पोचला होता. एका गोळीचं काम होतं, पण गृहस्थाने अख्खी बंदूक त्याच्यावर रिकामी केली. पुढच्याला मात्र तो मेला समजून तसाच सोडून गेला आणि पाठीत गोळी खाल्ली.

"पहिल्याचं चिलखत फुटत होतं ना?" कप्तानाने आत जाऊन विचारलं.

"हो, तुकडे उडत होते खरे," गृहस्थ म्हणाला. "पण ते मला शोभेचे वाटले."

बाहेर आल्यावर गणिती म्हणाला, "आता प्रत्येक सैनिकामागे एकेक ज्योतिषी बसवू. याचं आयुष्य किती उरलंय ते तोच सांगेल." गटातली सगळी आकडेमोड तो सांभाळायचा. दोघंतिघं हसली आणि तिच्याकडे नजर जाताच गप्प झाली. हसणारी का गप्प झाली हे तिला जागेवर परत येऊन बसल्यावर कळलं. कळलं, एवढंच.

"दोन आठवडे आहेत," कप्तान हळू आवाजात म्हणाला. तिच्याशी सगळेच हल्ली हळू बोलत. "नाही जमलं तर पट्टी परत आणावी लागेल. मग तुझं चिलखत नुसती सजावट."

"बरं," ती म्हणाली.

आठ महिन्यांत तिने सर्वांत जास्त वापरलेला शब्द तोच होता. आठ महिन्यांपूर्वी महामार्गावर त्यांची गाडी एका उभ्या ट्रकच्या मागच्या भागावर आदळली होती. नवरा गाडी चालवत होता, तो जागीच गेला. शेजारी बसलेल्या तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. दीड महिन्यात ते सांधलं आणि ती कामावर रुजू झाली. आईने माहेरी ये म्हणून फोन केले, भाऊ न्यायला येऊन गेला. ती "बघू" म्हणाली, आणि ते बघायचं तसंच राहून गेलं.

घरात आता ती आणि सासरे. सासऱ्यांनी चाळीस वर्षं एका गॅरेजमध्ये डेंटरचं काम केलं होतं. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांचे पत्रे ते हातोडीने सरळ करत. त्या आवाजाने त्यांचा एक कान गेला होता. मुलगा गेल्यापासून दोघांचं बोलणं दूध आलंय, किल्ली खिडकीत ठेवलीय, गोळी घेतली का, यापलीकडे जात नसे. सकाळी सहाला सासरे मुलाच्या सवयीने अंघोळीचं पाणी तापत ठेवत. साडेसहाला ती उठून बटण बंद करी. दोघांनाही आठपर्यंत अंघोळ करायची नसे. याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. समोर सासरे मटार सोलत बसले होते. सैनिक गोळी खात होता, पत्रा फुटत होता, पुन्हा अखंड होत होता. ती तुकड्यांची संख्या वाढवून पाहत होती. सात, नऊ, बारा.

"हा पत्रा नाही," सासरे म्हणाले.

तिने मान वर केली.

"ही कपबशी आहे. पत्रा असा फुटत नाही."

आठ महिन्यांत त्यांनी कामाशिवाय उच्चारलेलं हे पहिलंच वाक्य होतं. तिने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

"मग कसा फुटतो, बाबा?"

"फुटत नाहीच. दमतो." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "पहिल्यांदा रंग सोडतो. पत्रा ताणला जातो, रंगाला ताणता येत नाही, म्हणून तो पापुद्रा धरतो. मग पोचा पडतो. पण पोच्याच्या पोटात काही होत नाही, होतं ते काठाला. तिथं घडी पडते. पुढचा मार बसला की पत्रा त्या घडीवर फाटतो. आणि आधी कधी ठोकून सरळ केलेली जागा असेल, तर ती सगळ्यांत आधी जाते. ठोकून ठोकून पत्रा कडक होतो. वाकायचं विसरतो."

ते आत गेले आणि बिस्किटांच्या जुन्या डब्याचं झाकण आणि लाटणं घेऊन आले. झाकण मांडीवर धरून त्यांनी एक टोला दिला. मग ते उन्हाकडे तिरकं धरलं.

"इथं उजेड कसा मोडलाय बघ. माणसाला आधी ते दिसतं. तुकडे मागाहून दिसतात."

ती झाकणाकडे पाहत राहिली. मग उठून तिने वही आणली. सासऱ्यांनी दुसरा टोला दिला, आणि तिसरा देताना त्यांनी लाटण्याचा रोख बदलला.

"आता सांग, तिसरा कुठून आला?"

"उजवीकडून?"

"घडी कुठं कललीय ते बघून सांग. अंदाज नको."

तिने झाकण हातात घेतलं, बोटाने घडी चाचपली. "वरून. डाव्या खांद्यावरून."

"हां," सासरे म्हणाले आणि पुन्हा मटार सोलू लागले.

त्यानंतरचे दहा दिवस ती कचेरीतून आली की लॅपटॉप टेबलावर ठेवी, आणि सासरे चष्मा पुसून समोर बसत. त्यांना गेममधलं काही कळत नव्हतं. सैनिक कुणाचा, लढाई कशासाठी, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. ते फक्त पत्रा बघत. "ही घडी उगाच आहे," म्हणत. "इथं मार बसलेलाच नाही, मग फाटला कशाला?" एकदा ते म्हणाले, "एवढा पत्रा लोंबतोय तर माणूस सरळ कसा चालतो? त्या बाजूला ओझं होणार ना. खांदा पडेल त्याचा." तिने सैनिकाचा खांदा पाडला. तिसऱ्या अवस्थेत तो एका अंगावर कलून चालू लागला, आणि चौथीत सुटू पाहणारा पत्रा छातीशी धरायला त्याचा हात जाऊ लागला.

ठिणग्या तिने काढून टाकल्या. तुकडे बारावरून दोनावर आणले.

या दिवसांत तिला बरं वाटत होतं असं म्हणता येणार नाही. काही वाटत होतं असंही नाही. ती वेळेवर जेवत होती आणि वेळेवर झोपत होती. टेबलाशी बसल्यावर वेळ कसा गेला ते मात्र तिला कळत नसे, आणि एरवी तिला दिवसाचं प्रत्येक मिनिट कळत असे.

दुसऱ्या चाचणीला एक कॉलेजातली मुलगी आली होती. तिने पायात पाय अडकवले, च्युइंगगम गालात सारलं आणि धडाधड चार सैनिक पाडले. पाचवा भिंतीआडून बाहेर आला तो कललेला, छातीवरचा पत्रा हाताने धरून. मुलीने नेम धरला. मग बंदूक खाली केली.

काचेअलीकडे गणिती पुढे झुकला. "बंद पडलं की काय?"

कप्तानाने आत जाऊन विचारलं, "का थांबलीस?"

"हा संपलाय," मुलगी म्हणाली. "दिसतंय की. याला कशाला मारू?" आणि ती पुढच्या दाराकडे वळली.

कप्तान बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. "पट्टी गेली," तो म्हणाला. "कायमची गेली. कसं सुचलं तुला हे?"

"घरी एक जाणकार आहेत," ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती उभी राहिली, मग आपला कप विसळायला गेली.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. ऊन अजून टेबलावर होतं. सासऱ्यांनी चहा टाकला.

"जमलं, बाबा. एका मुलीनं नुसतं बघून ओळखलं. गोळी झाडलीच नाही तिनं."

त्यांनी मान हलवली. चहा तिच्यासमोर ठेवला, स्वतःचा घेतला आणि बशीत न ओतता तसाच निववत बसले.

"आता तुला पत्रा वाचता येतो," काही वेळाने ते म्हणाले. "म्हणून सांगतो. मी गाडी बघायला गेलो होतो."

तिने कप खाली ठेवला.

"पोलिसांनी आवारात ठेवली होती ती. तू दवाखान्यात होतीस तेव्हाच गेलो. तास दीड तास होतो." त्यांनी टेबलावर दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवले, जणू गाडीच्या दोन बाजू. "तुझ्या बाजूचं दारसुद्धा उघडत होतं. आरसा शाबूत. सगळा मार त्याच्या बाजूला. समोर काही आलं की चालवणारा स्वतःला वाचवतो. त्यात पाप नाही, हात आपोआप वळतात. चाळीस वर्षं मी हेच बघत आलो, शेजारच्याची बाजू आधी जाते. यानं उलटं वळवलं. तुला वाचवलं. कुणाला बोललो नाही. एवढं एक धरून बसलोय."

तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं जाड झाली होती आणि एका अंगठ्याला नखच नव्हतं. पोलिसांना तिने सांगितलं होतं की काही आठवत नाही. आईलाही तेच सांगितलं होतं. आणखी एकदा तेच सांगायला काही लागणार नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्याचा डोळा लागला होता."

सासऱ्यांनी ऐकू येणारा कान तिच्याकडे केला.

"ट्रक मला दिसला. मी त्याला हाक मारली नाही. स्टिअरिंग ओढलं. माझ्याकडे."

खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. चौथ्या खेपेला ती चालू झाली आणि निघून गेली.

"कुठल्या हातानं?" सासऱ्यांनी विचारलं.

"दोन्ही."

त्यांनी आपले हात टेबलावरून उचलले, शेजारच्या सीटवरून धरावं तसं हवेतच स्टिअरिंग धरलं आणि स्वतःकडे ओढलं. पुन्हा एकदा, सावकाश. मग हात खाली ठेवले.

"जुळतं," ते म्हणाले.

चहावर साय धरली होती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, ते तिच्याकडे पाहत नव्हते.

"नसतं ओढलंस तर गाडी समोरून आदळली असती," ते म्हणाले. ते तिला सांगत होते की स्वतःशी बोलत होते, कळत नव्हतं. "पूर्ण रुंदीत. दोन्ही बाजू."

"म्हणजे तो झोपेत होता."

"हो."

"भ्याला नसेल."

"नाही. त्याला कळलंच नाही."

सासऱ्यांनी मान हलवली. ती हलवायची थांबवायला ते विसरले असावेत, कारण ती बराच वेळ तशीच हलत राहिली. मग ते म्हणाले, "वारं सुटलंय. तेवढी खिडकी लाव."

ती उठली. खिडकीपाशी गेली, कडीला हात लावला आणि तशीच थांबली. पुढे काय करायचं असतं ते तिला आठवेना.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सासरे आले, तिच्या खांद्यावरून हात नेऊन त्यांनी खिडकी ओढून घेतली आणि कडी लावली. खिडकी लावून झाली तरी दोघंही तिथेच उभी राहिली.