ओळखीचा मासा

आमच्या ताकामात्सूचा किल्ला समुद्राला टेकलेला. खंदकात खारं पाणी, अन् पाण्यात हे असे लाल ताय मासे. त्यांना पकडायचं नाही, नुसतं चारायचं. मी तिथला होडीवाला. पाहुणे फिरवायचे, माशांचं खाणं त्यांच्या हातावर ठेवायचं, झालं.

माझ्या पोराचं, शूहेईचं, मन बसलं चिनात्सूवर. तिचा बाप कुरामोची, डोंगरातला माणूस. घर बघायला आला, पण तोंडातनं 'हो' काही निघेना. घर बघून 'हं'. पोराला बघून 'हं'. म्हटलं, होडीत बसवून बघू.

खंदकात त्यानं खाणं टाकलं. शेपटी फाटलेला एक दांडगा ताय बाकीच्यांना ढुशा देत वर आला.

"हा कोण हो?"

"ठाणेदार. ह्याला सगळ्यांच्या आधी लागतं."

"अगदी आमच्या मेव्हण्यासारखा!" आणि गडी हसला. आल्यापासनं पहिल्यांदा. सगळं खाणं त्यानं ठाणेदारालाच घातलं. मी मनात म्हटलं, जमलं!

संध्याकाळी बायकोनं, मासुएनं, ताट आणलं. सोयरिकीच्या जेवणाला मीठ लावून भाजलेला अख्खा ताय लागतोच. आता भाजताना ह्याची शेपटी फाटली, त्याला ती तरी काय करणार?

कुरामोचीनं जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"हा ठाणेदार आहे."

"अहो, सकाळी बाजारातनं आणलाय!" मासुए म्हणाली.

"दुपारी ज्याची ओळख करून दिली, त्यालाच संध्याकाळी भाजता? अशा घरात मी पोरगी देऊ?"

शूहेईचं तोंड ताटातल्या माशाहून वाईट झालं.

"बूट घाला," मी म्हटलं. "ठाणेदार जिता दाखवतो."

उजेड होता अजून. होडी काढली, वल्ह्यानं तिची कड बडवली. ताय आले ढीगभर, पण सगळ्यांच्या शेपट्या धड. ठाणेदाराचा पत्ता नाही. ह्यानंच दुपारी पोट फुटेस्तोवर चारलेलं, आता कशाला येतोय तो!

"सांगितलं ना," कुरामोची म्हणाला, "तो ताटात आहे."

मी पुन्हा वल्ह्यानं कड बडवली.

तेवढ्यात काठावरनं मासुएनं हाळी दिली, "अहो! जेवण निवतंय! किती वेळ मासा मासा करत बसणार?"

धप्पकन पाणी उडालं. फाटकी शेपटी! ठाणेदार सरळ तिच्याकडं सुटला. रोज दुपारी ती अशीच कोकलत माझं जेवण आणते, अन् उरलेल्या शेवया जातात त्याच्या पोटात.

कुरामोची होडीत ताडकन उभा राहिला आणि ठाणेदाराला कमरेत वाकून नमस्कार घातला. होडी अशी डुलली, मी कमरेला धरला म्हणून, नाहीतर पाहुणा गेला होता खंदकात.

"माफ करा हं, ठाणेदार." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "आमच्या चिनात्सूचा आवाज फार बारीक आहे. सासूबाई शिकवतील ना?"

"ह्या घरात आपोआप सुटतो," मी म्हटलं.

घरी येऊन त्यानं तो ताय डोळ्यासकट साफ केला.

"ह्याची-माझी कुठं ओळख होती?" म्हणाला, आणि काटे चोखत बसला.