टपाची गाडी

यल्लाप्पानं चोक ओढला, पेडल दाबून सोडलं आणि जुन्या सवयीनं डॅशबोर्डवर तळहात टेकवून जरा थांबला. मग चावी फिरवली. गाडी सुरू झाली. ना खोकली, ना थरथरली. ती सुरू झाल्याचं त्याला शेजारी उभ्या असलेल्या गौसमिस्त्रीच्या हसण्यावरूनच कळलं.

"चोक कशाला ओढतासा? लागत न्हाई आता त्यो," गौस म्हणाला. "लेकरानं चावी फिरवली तरी चालू हुतीया."

यल्लाप्पानं चोक गुमान आत ढकलला.

नेसरीच्या इनामदारांकडं त्यानं ही अमेरिकन गाडी उभी हयात चालवली होती. इनामदार वारले, गाडी गोठ्यामागच्या छपरात कडब्याखाली गेली आणि पुढं कोल्हापूरच्या जोतीराम फौंड्रीवाल्यांनी ती ट्रकवर घालून नेली. त्या दिवशी यल्लाप्पा पारावर मोठ्यानं म्हणाला होता, "न्या म्हणावं. माझ्याबिगर हलायची न्हाई ती."

ते खोटंही नव्हतं. थंडीत तिला कसं चुचकारायचं, दुसरा गिअर टाकताना कुठं दम धरायचा, उताराला ब्रेक किती आधी दाबायचा, हे एकट्या त्याच्या हातापायांना ठाऊक होतं. आंबोलीच्या घाटात ब्रेक सुटला, तेव्हा त्यानं ती डोंगराला घाशीत घाशीत थांबवली होती. खाली उतरल्यावर इनामदारांनी आपला पटका काढून सगळ्यांदेखत त्याच्या डोक्याला बांधला होता.

परवा जोतीरामांचा निरोप आला, गाडी तयार झालीय, येऊन बघून जावा. "अडलंच शेवटी," यल्लाप्पा बायकोला, बाळाबाईला म्हणाला. ड्रायव्हरकीचा खाकी कोट त्यानं पेटीतून काढला आणि पहिली एसटी धरून उद्यमनगरातल्या या गॅरेजात येऊन उभा राहिला.

गौस उत्साहानं एकेक दाखवत होता. बॅटरी बारा व्होल्टची. ब्रेक नवे. टप उघडायला सीटखाली मोटर. समोरच्या खणात टेपरेकॉर्डर, झाकण लावलं की पत्ता लागत नाही.

"भाईरनं सगळं जुनं हाय बगा, आतली आतडी तेवढी नवी."

यल्लाप्पानं गाडीभोवती फेरी मारली. दाराच्या फटीत नख घालून पाहिलं, टपाची शिवण बोटानं चाचपली. रंग तोच, पिकल्या करवंदाचा. कुठंतरी पोपडा, निदान एखादा ओघळ सापडावा म्हणून तो खाली वाकला. बोनेटच्या चकाकीत त्याचंच तोंड दिसलं, ओठ आवळलेलं. गौसच्या तेलकट हातांकडं त्याला बघवेना. ह्या हातांनी ती खोलली होती, आणि खोलून निमूट केली होती.

जोतीरामांची बायको आक्काताई रिक्षातून उतरली. पदर कमरेला खोचत म्हणाली, "आलासा मामा? चला, फिरून येऊ."

यल्लाप्पानं कोटाची वरची गुंडी लावली. तिला मागं बसता यावं म्हणून पुढची सीट वाकवून, दार धरून तो अदबीनं उभा राहिला.

"मामा, तुम्ही बसा मागं," आक्काताई हसून म्हणाली. "मीच चालवतो की."

त्याला क्षणभर काही उमगेना. मग तो वाकून आत शिरला. मागच्या सीटवर तो आजवर कधी बसला नव्हता. हात कुठं ठेवावेत हेच समजेना. शेवटी त्यानं ते गुडघ्यांवर ठेवले.

आक्काताईनं टप उघडला, गाडी राजारामपुरीतून बाहेर काढली आणि टेंबलाईच्या चढाला घातली. लोक वळून बघत होते. यल्लाप्पाची नजर तिच्या पायावरून हटत नव्हती. चढाच्या मध्यावर उसाची बैलगाडी आडवी आली आणि तिनं ब्रेक दाबला. गाडी चढावर थबकली. यल्लाप्पाचा उजवा पाय आपोआप पायाखालच्या फळीवर रुतला, आणि त्याच वेळी त्याच्या मनात आलं, सुटू दे. जाऊ दे मागं. कळू दे एकदा सगळ्यांस्नी.

बैलगाडी गेली. गाडी तसूभरही मागं न सरकता चढून गेली. यल्लाप्पानं तळहात कोटाला पुसले. पुढं बसलेल्या बाईच्या पाठीकडं त्याला बघवेना.

वर सपाटीला लागल्यावर आक्काताईनं मान किंचित वळवून विचारलं, "तुमच्या वेळला लई छळायची म्हणं ही?"

"कोण म्हणालं?"

"गौसमिस्त्री. म्हणाले, पहिल्या ड्रायव्हरनं कशी सांभाळली त्याचं त्यालाच ठावं."

आंबोलीचा घाट यल्लाप्पाच्या ओठांवर आला. नेसरीत तो ऐकला नाही असं माणूस नव्हतं. पण ह्या बाईनं सगळंच घेतलं होतं; गाडीच्या खोडी तेवढ्या आपल्यापाशी राहिल्या होत्या. त्याही उचलून हिच्या हातात द्यायच्या?

"न्हाई वैनीसाब," तो म्हणाला. "माझ्या हातात कधी अडली न्हाई. पैल्यापासनं गुणाचीच."

"व्हय?" आक्काताई म्हणाली. "मग बरंच झालं. मी ह्यांना म्हणत होतो, मामास्नी इथंच ठेवून घेऊ या. उद्या जुन्या खोडी वर काढल्या तर त्यांच्याबिगर कुणाला कळायचं? पण असं असलं तर काय, कुणीबी चालवंल."

यल्लाप्पानं तोंड उघडलं. वारा आत शिरला. त्यानं ते मिटून घेतलं.

"मला स्टँडवर सोडा," थोड्या वेळानं तो म्हणाला. "नेसरीची गाडी गावंल."

स्टँडसमोर गाडी थांबताच पाच-पन्नास माणसं गोळा झाली. एक पेरूवाला पाटी डोक्यावर घेऊन दाराशी आला. मागच्या सीटवर कोट घालून ताठ बसलेल्या यल्लाप्पाला त्यानं न्याहाळलं आणि अदबीनं विचारलं, "पावणं, गाडी तुमची व्हय?"

आक्काताई आरशातून बघत होती.

यल्लाप्पा खाली उतरला. दार त्यानं बेतानं लावलं.

"न्हाई बा," तो म्हणाला, "ह्या बाईंची. मी नुस्ता बगाय आलतो."