गाडीतल्या रेडिओवरची बाई

मित्रांनो, एका जुन्या निळ्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये बसवलेला मी एक म्हातारा कारस्टिरिओ आहे. माझ्या काचेवर ओरखडे पडले आहेत आणि आवाजाचं गोल बटण सैल झालं आहे. एके काळी मात्र दुकानातला सर्वांत भारी स्टिरिओ मीच होतो. माझा पडदा रंगीत आहे. गाण्याच्या तालावर त्यावर रंगांचे खांब नाचत. रस्त्याचा नकाशा उमटे. फोन आला की करणाऱ्याचा फोटो दिसे, खाली एक हिरवा गोल आणि एक लाल गोल. माझ्या कडेला टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे. त्यातून मी गाडीतलं सगळं बोलणं ऐकतो.

माझे मालक काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवर होते. उभा जन्म त्यांनी आगीसमोर काढला. बायको लवकर गेली. मुलीला त्यांनी एकट्याने वाढवलं. ती नोकरीला लागली, ते निवृत्त झाले, तेव्हा कुठे ते स्वतःसाठी काही घ्यायला म्हणून दुकानात आले. दुकानदार साधे स्टिरिओ पुढे करत होता. त्यांनी सरळ माझ्याकडे बोट केलं.

"हा द्या."

"काका, हा जरा जास्तच होईल. तुमची गाडी त्याच्यापुढे बिचारी दिसेल."

"दिसू दे. भट्टीपाशी रेडिओ टांगलेला असायचा, पण घरघर एवढी की एक गाणं धड ऐकू आलं नाही. आता ऐकणार."

फिटरने डॅशबोर्ड खोलला, जुन्या वायरी काढल्या, मला आत सरकवलं. मालकांनी किल्ली फिरवली आणि मी उजळलो. त्यांच्या चष्म्यात माझे सगळे रंग दिसत होते. संध्याकाळी मुलीने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, गाडीत थिएटर काढलंत की काय?"

"तिकीट काढ आणि बस," ते म्हणाले.

ती वर्षं सुखाची होती. चष्म्याच्या फडक्याने ते आधी मला पुसत, मग चष्मा. कधीकधी गाडी जागची हलायची नाही. ते नुसते पार्किंगमध्ये बसून रेडिओ ऐकत. निवेदन करणाऱ्या बाईंवर त्यांचा फार विश्वास. बाई म्हणाल्या पाऊस येणार, की हे लख्ख उन्हात छत्री घेऊन निघाले. मुलगी हसायची. "माझं एक ऐकाल तर शपथ," म्हणायची.

मित्रांनो, ते विसरू लागले हे सर्वांत आधी मला कळलं. त्यांची बोटं माझ्यावर अडखळू लागली. रोजचं स्टेशन त्यांना सापडेना. एकदा नकाशावरच्या निळ्या रेघेकडे बघून ते म्हणाले, "ही नदी कुठून आली इथे?" ती रेघ म्हणजे त्यांच्याच घराचा रस्ता होता. मग एक दिवस स्वतःच्या फाटकासमोर ते इंजिन चालू ठेवून बसून राहिले. मी बाण दाखवत होतो. पोचलात, पोचलात, असं पुन्हा पुन्हा लिहीत होतो. मुलगी धावत खाली आली.

"बाबा, आत या ना."

"येतो. घर सापडलं की येतोच."

तिने तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही असं बजावलं. तिने किल्ली शिलाई मशीनच्या खणात लपवली. गाडीवर कापड चढलं आणि माझ्यावर अंधार.

पुढचं सांगताना आजही माझ्या वायरींत कळ उठते. एका दुपारी कापड ओढलं गेलं. मालक आत बसले. अंगात कारखान्याचा खाकी शर्ट, बटणं वरखाली लागलेली, खिशात फोन, हातात मशीनच्या खणात सापडलेली किल्ली. मुलगी औषधं आणायला कोपऱ्यावर गेली होती.

"ड्युटीला उशीर झाला," ते स्वतःशी पुटपुटले. "साहेब आत घ्यायचे नाहीत."

कारखाना बंद पडून कैक वर्षं झाली होती. तो नदीपलीकडे होता आणि तिकडे जाणारा जुना पूल पुरात मधोमध तुटला होता. नवा पूल दूर वरच्या अंगाला बांधला होता. पण मालकांच्या हातांना जुनाच रस्ता पाठ होता. माझ्या नकाशावर तो रस्ता काठाशी येऊन संपत होता. "पुढे रस्ता बंद," मी लाल अक्षरांत लिहिलं. त्यांनी पाहिलं नाही. रेडिओवर गाणं लागलं होतं आणि ते खूश होते.

तेवढ्यात गाणं थांबलं. माझ्यावर मुलीचा फोटो आला. खाली हिरवा गोल, लाल गोल.

"गाणं कुठे गेलं?" त्यांनी लाल गोल दाबला. गाणं परत आलं.

फोन पुन्हा वाजला. पुन्हा लाल. मग त्यांना ती युक्तीच सापडली, लाल दाबलं की गाणं येतं. ती बिचारी फोन करत राहिली आणि ते तिला घालवत राहिले. मी काय करू शकत होतो? मला हात नाहीत. हिरवा गोल दाबा हो, असं मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे नुसता उजेड. घरं मागे पडली. शेतं लागली. लांबवर कारखान्याची चिमणी दिसू लागली आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

फोन पुन्हा आला. त्यांचं बोट लाल गोलाकडे निघालं. नेमकी गाडी खड्ड्यात आपटली, बोट घसरलं आणि हिरव्यावर पडलं.

"बाबा!" मुलीचा आवाज चारही स्पीकरमधून फुटला. "बाबा, कुठे आहात? गाडी थांबवा!"

ते दचकले. "बाई, ओरडू नका. गाणं लावा."

"बाबा, मी बोलतेय! तुमची मुलगी!"

"माझी मुलगी शाळेत गेलीय," ते समजुतीने म्हणाले. "बाई, तुम्ही कार्यक्रम चालू ठेवा. चिमणी दिसायला लागली, पोचेनच मी."

चिमणी म्हणताच ते जुन्या पुलाच्या रस्त्याला लागलेत हे तिला कळलं असणार. मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता आणि नकाशावर नदी जवळ येत होती. आता ती रडेल, आणि हे चिडून लाल दाबतील, मग सगळं संपलं, असं मला वाटलं.

आणि मग एक वेगळाच आवाज आला. सावकाश, गोड, जरासा नाकातला.

"श्रोतेहो, नमस्कार. आता ऐका एक खास गाणं. श्रोत्यांना विनंती आहे, गाडी चालवत असाल तर ती कडेला घ्या. हे गाणं थांबूनच ऐकायचं आहे."

मालकांनी मान डोलावली. "बाई सांगतायत," म्हणाले, आणि गाडी कडेला घेतली.

"आता हँडब्रेक ओढा, श्रोतेहो. ओढलात?"

"ओढला, बाई."

"किल्ली तशीच राहू द्या, नाहीतर गाणं बंद पडेल. आणि जागचे हलू नका."

समोर, झाडांच्या पलीकडे, पुलाचा तुटका तुकडा हवेत लोंबत होता.

आणि ती गायला लागली. मागे स्कूटरची फटफट ऐकू येत होती; शेजाऱ्यामागे बसून, फोन तोंडाशी धरून, वाऱ्यात ती गात होती. सूर कधीच सुटला होता. मधे हुंदका यायचा, तो ती आलाप असल्यासारखा लांबवायची. एक कडवं संपलं की तेच पुन्हा धरायची. मालक स्टिअरिंगवर ताल धरून बसले होते.

"बाईंचा आवाज बसलाय आज," ते म्हणाले. "पण गातात मनापासून."

मग तोच आवाज माझ्यातून येऊ लागला आणि खिडकीबाहेरूनही. ती गाडीपाशी येऊन पोचली होती. केस विस्कटलेले, एका पायात चप्पल नाही. तिने दार उघडून त्यांचा हात घट्ट धरला. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा हो जरा. गाणं संपू दे."

तिने तिथेच, रस्त्यात उभं राहून, गाणं शेवटपर्यंत म्हटलं.

त्याच संध्याकाळी मेकॅनिक येऊन गाडीची बॅटरी काढून घेऊन गेला. तेव्हापासून मी उजळलो नाही. माझी आता कुणाला गरज नाही, आणि माझं काही म्हणणंही नाही. काच पुसली नाहीत तरी चालेल. मात्र मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं माणूस असं हरवत चाललं असेल, तर "मी कोण, ओळखा पाहू" म्हणून त्याची परीक्षा घेऊ नका. ज्या आवाजाचं ते ऐकेल, तो आवाज आपलासा करा. त्याला रोज पुन्हा नव्याने भेटा. माझ्यासारखी वस्तू नुसती उजेड पाडू शकते. तुम्हाला हात आहेत, गळा आहे.

अजूनही दुपारच्या वेळी ती त्यांना खाली घेऊन येते. दोघं या बंद गाडीत शेजारी शेजारी बसतात. काल ते बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग काळजीने म्हणाले, "पोरी, तुझे वडील घरी वाट बघत असतील. जा तू आता."

"जाईन सावकाश," ती म्हणाली, आणि सीट थोडी मागे सरकवून बसून राहिली.