गाऱ्हाण्यातली पट्टी

शेवंती गुडघाभर चिखलात उभी राहून अळू कापत होती आणि नंदकुमार वर सिमेंटच्या कट्ट्यावर नाकाला रुमाल लावून उभा होता. श्रावणात पाऊस थांबून ऊन पडलं की माती वाफ सोडते, आणि त्या वाफेत शेजारच्या नाल्याचा वास मिसळतो. शेवंतीला नाल्याचं काही वाटत नव्हतं. तिला नंदकुमारच्या अत्तराची शिसारी येत होती.

"काकी, किती दिवस चालवणार हे?" तो म्हणाला. "इथे लादी टाकली ना, तर पंधरा-वीस बाईक आरामात लागतील."

"सणाक बाईक शिजवतलंस?" शेवंतीने मान वर न करता विचारलं.

"मस्करी नको करू. सोमवारी मीटिंग आहे. मळापट्टी बसणार. भरलीस तर मळा तुझा, नाहीतर कमिटी ताब्यात घेणार. मी आपलं आधीच सांगून ठेवतो, मग बोलू नको."

"ह्या मातीत माझ्या घोवाचो घाम गेलोहा. तू तेव्हा चड्डीत मुतत होतंस."

नंदकुमारने वाफ्यांवरून एकदा नजर फिरवली, जागेचं माप घेतल्यासारखी, आणि बूट सांभाळत निघून गेला. शेवंती बाजूला थुंकली. अत्तराचा वास बराच वेळ अळवावर रेंगाळत राहिला.

दहिसरच्या टेकडीला लागून ही रवळनाथवाडी. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून आलेल्या माणसांनी ती वसवली. विहीर त्यांनीच खणली, देऊळ त्यांनीच बांधलं. नळाला पाणी येतं ते करंगळीएवढं, म्हणून विहिरीवरचा पंप, चढणीवरचे दिवे आणि सार्वजनिक संडासाची सफाई हे सगळं वाडीची कमिटी बघते आणि त्यासाठी घरटी पट्टी घेते. पट्टी वाढवायची तर देवळासमोर सभा भरवायची, एका घराचं एक मत, घरातून जो कोणी येईल त्याचा हात मतात धरायचा, अशी रीत.

गेल्या वर्षी नंदकुमार अध्यक्ष झाला आणि त्याच्या डोक्यात कमान शिरली. वाडीच्या तोंडाशी ग्रॅनाइटची कमान उभी राहिली. वर दोन सिंह, दोघेही कुत्र्यासारखे दिसणारे, आणि खाली पितळी अक्षरांत कमिटीतल्या पाचांची नावं. त्या कमानीला कोणी मत दिलं नव्हतं. पण तिने वाडीची पेटी अशी चाटून पुसून साफ केली, की सफाईवाल्याने येणं सोडलं. आता संडासाकडे जायचं तर पदर तोंडात कोंबून जावं लागे. पंप दोन दिवस चाले, तिसऱ्या दिवशी खोकून बंद पडे. आणि हा खड्डा बुजवायला कमिटीने काय काढलं, तर पट्टी दुप्पट. वर विहिरीच्या पाण्यावर भाजी काढणाऱ्याला वेगळी मळापट्टी. वाडीत मळा म्हणावा असा एकट्या शेवंतीचाच उरला होता. अळू, मुळा, लाल माठ विकून तिला जे मिळे, ते सगळं त्या पट्टीत गेलं असतं. नवरा गेल्यापासून तिने कोणापुढे हात पसरला नव्हता तो ह्या मळ्याच्या जोरावर. मळा गेला असता तर रोज सकाळी सुनेकडे चहाच्या पावडरीसाठी तोंड वेंगाडावं लागलं असतं, आणि ते तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

म्हणून ती घरोघर फिरली. बापये ड्युटीवर, घरात बायका. प्रत्येकीने तिला बसवलं आणि कमिटीला शिव्या घातल्या.

"आमचो हात पट्टीच्या विरोधात, शेवंतेकाकी, तू निर्धास्त रव," शकु म्हणाली. पलीकडची अक्षता, कांदिवलीला ऑफिसात जाणारी, ती तर तावातावाने म्हणाली, "मी हाफ डे टाकून येते. त्या सिंहांचं बिल मागायचंय मला."

धोंडूच्या घरीही ती गेली. धोंडू तिच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ आणि वाडीचा गावकार. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा, सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान त्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली, चहा प्याला आणि "बघूया" म्हणाला. शेवंतीने त्याचा अर्थ होकार असा घेतला. दुसरा घेण्याचं कारणही नव्हतं. तिच्या लग्नात त्याच धोंडूने तिला माप ओलांडताना हात दिला होता.

सभा सोमवारी संध्याकाळी भरली. सोमवार नंदकुमारने मुद्दाम धरलेला. तोंड वाजवणारे बापये रविवारीच काय ते घरी असतात. मांडवात बायकाच बायका, पुढे खुर्च्यांवर कमिटी, कडेला दोन म्हातारे, त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. संडासाचा वास वाऱ्याबरोबर मांडवात येत होता आणि नंदकुमारने त्यावर उदबत्तीचा अख्खा पुडा लावला होता. दोन्ही वास एकत्र झाले तसा शेवंतीने पदर नाकाला लावला.

सेक्रेटरी सर्वेशने मोबाइलवर बघून जमा-खर्च वाचला. जमा कमी, खर्च जास्त, कमानीच्या ठिकाणी "सुशोभीकरण".

"सर्वेश, ते सुशोभीकरण म्हणजे कमान ना?" अक्षताने विचारलं.

"हो, म्हणजे, त्यात इतरही आहे."

"इतर काय? कुत्रे?"

बायका हसल्या. शेवंतीला वाटलं, जिंकलं. नंदकुमार मात्र चिडला नाही. तो हात जोडून उठला. "ताई, सगळ्याचं उत्तर देतो. मतदान पण घेऊ. पण आपण देवळासमोर आहोत ना, आधी गाऱ्हाणं तर होऊ दे. गावकार, या."

धोंडू उठला. धुवट सदरा, कपाळाला गंध. नारळ पुढे ठेवून त्याने हात जोडले, आणि अख्खा मांडव आपोआप उठून उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"झिलांच्या नोकऱ्यो टिकव, चेडवांची लग्ना जुळव, दुखण्याखुपण्यात धाव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोण वाकड्या नजरेन वाडीकडे बघित असात, तर त्येची नजर थंयच जिरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि कमिटीन जी वाढीव पट्टी नि मळापट्टी काढल्यान हा, ती ह्या सगळ्या लेकरांनी आजपासून कबूल केल्यानी, ती गोड मानून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

सगळा मांडव एका तोंडाने म्हणाला. शकु म्हणाली, अक्षता म्हणाली, आणि शेवंतीही म्हणाली. जन्मभराची सवय. गाऱ्हाण्याचा शेवट "म्हाराजा" असा चढला की तोंडातून "व्हय" निघायचंच. तोंड मिटल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो, आणि आपल्याच जिभेची तिला किळस आली.

नंदकुमारने लगेच नारळ फोडला आणि सगळ्यांना बसायची खूण केली. "देवासमोर सगळ्यांनी होकार दिलाय. सर्वेश, ठराव मंजूर लिही."

"हात कधी वर केले?" अक्षता ओरडली. "ही चीटिंग आहे."

"देवाला चीटिंग म्हणतेस? दिलेला शब्द आता मागे घेणार?"

ज्यांनी घरात कमिटीला शिव्या घातल्या होत्या त्या बायका साडीच्या निऱ्या बघत बसल्या. देवाला दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे घरात पोराबाळांचं काय होईल, हे प्रत्येकीच्या तोंडावर दिसत होतं. शेवंती धोंडूकडे बघत होती. तो नारळाची शकलं गोळा करत होता. आदल्या संध्याकाळी तो नंदकुमारच्या गाडीतून चेकनाक्याकडच्या बारमध्ये गेला होता, हे तिला ठाऊक होतं. तिने ते मनावर घेतलं नव्हतं. आता आलं लक्षात. पाच पितळी नावांच्या खाली सहाव्या नावाला, धोंडूच्या, जागा होती.

ती उठली. पुढे जाऊन देवासमोर उभी राहिली आणि हात जोडून मोठ्याने म्हणाली, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा. कमानीवर ज्येंची नावां हत, त्येंकाच ह्यो खड्डो भरूची बुद्धी दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मागून बायका म्हणाल्या. मोबाइलमध्ये ठराव लिहिता लिहिता सर्वेशही म्हणाला. नंदकुमारने त्याच्याकडे खाऊ का गिळू असं बघितलं.

"हे चालत नाही. गावकार, सांगा हिला."

धोंडूने घसा खाकरला. तिच्याकडे न बघता, देवळाच्या खांबाकडे बघून तो म्हणाला, "बाईन घातलेला गाऱ्हाणा देवाक पोचना नाय. बाईचो शब्द ह्या कामात धरूचो नसता."

"धरूचो नसता?"

"नाय."

"बरा झाला, भावजी, तुम्हीच सांगितलात," शेवंती शांतपणे म्हणाली. "मगे मघाशी आम्ही बायकांनी व्हय म्हटला, ता पण धरू नकात. सर्वेश, बापयांचे आवाज तेवढे मोज आणि लिही."

सर्वेशने मांडवाकडे बघितलं. कमिटीचे पाच, धोंडू, दोन म्हातारे. बाकी सगळी घरं लुगड्यात आणि ड्रेसमध्ये बसली होती.

"म्हणजे मंजूर केली कोणी?" अक्षता म्हणाली. "ज्यांनी पेटी खाल्ली त्यांनीच?"

"बरं, बायकांचं पण धरू," नंदकुमार घाईने म्हणाला. "बायका काय परक्या आहेत?"

"मगे माझा गाऱ्हाणा पण धर," शेवंती म्हणाली. "खड्डो भर तुमी पाच जणांनी. सर्वेशान तर व्हय पण म्हटल्यान."

नंदकुमारने रुमाल काढला, घाम पुसला, कमिटीकडे बघितलं. कमिटी जमिनीकडे बघत होती. "ठीक आहे यार," तो शेवटी म्हणाला. "रीतसर घ्या. पट्टीच्या विरोधात कोण, हात वर करा."

बायका एकमेकींकडे बघून अंदाज घेऊ लागल्या. मघाशी निऱ्या बघणाऱ्याच ह्या. वारं फिरलंय की नाही हे कळल्याशिवाय कोणाचा कोपर मांडीवरून उठत नव्हता. पंपाचे पैसे कुठून आणायचे, संडास कोण धुणार, हे एकीनेही विचारलं नाही. शेवंतीचा मळा वाचायची वाट झाली होती, आणि तरी तिच्या तोंडाला काही चव नव्हती.

मग पहिला हात वर गेला. धोंडूचा. सगळ्यांना दिसावा म्हणून त्याने तो चांगला उंच केला आणि शेवंतीकडे बघून हसला, घरातलाच माणूस ना आपण, अशा अर्थाने. गावकाराचा हात बघून मागचे हात भराभरा वर झाले.

सर्वेश मोजत मोजत पुढे आला. शेवंतीचा हात खालीच होता.

"काकी, तुझा धरू ना?"

"धर," ती म्हणाली. "पण त्येच्या हातापास्ना लांब धर."