कानाने लावलेली गाडी

तिने गाडीच्या इंजिनवरच्या डिस्ट्रिब्युटरखालचा बोल्ट पान्याने सैल केला आणि भावाकडे न बघताच म्हणाली,

"पंखा बंद कर. ऐकू येत नाही."

धाकट्या भावाने मुकाट्याने गॅरेजचा पंखा बंद केला. एरवी कुणी काम सांगितलं की कपाळाला आठ्या घालणारा माणूस, पण आज गरज त्याची होती. बाबांची जुनी गाडी रुसून बसली होती. डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगी पाडणारे पॉइंट त्याने नवे बसवले, पण ठिणगी नेमक्या क्षणी पडेल असं टायमिंग काही त्याला लावता येईना. डिस्ट्रिब्युटर फिरवून थोडं पुढे घेतलं की इंजिन चढावर ठोकायला लागायचं, मागे घेतलं की धापा टाकायचं. पुलीवरच्या खुणांवर मारून बघायचा टायमिंग लाइट होता, पण या गाडीला पुली कधीकाळी दुसऱ्याच गाडीची बसवलेली. तिच्यावरच्या खुणांना काही अर्थ नव्हता. आणि रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ही गाडी घेऊन मिरवायचं होतं.

तेव्हा ताईची आठवण झाली. कामापुरता मामा म्हणतात, इथे कामापुरती ताई. पॉइंट झिजले की असा फोन यायचा, आणि दर वेळी ती शर्टांच्या कारखान्यातून सुट्टी काढून, स्वतःलाच शिव्या घालत यायची. बाबांच्या गॅरेजचं दार तिच्यासाठी एवढ्याच कामाला उघडायचं, म्हणून यायची. बाबांनी गॅरेज भावाच्या नावावर केलं होतं. तिने विचारलं तेव्हा म्हणाले होते, "तुला काय कमी दिलंय? तुला कान दिलाय." ते वाक्य तिने इतकी वर्षं दागिन्यासारखं जपलं होतं.

"चालू कर."

इंजिन थरथरत सुरू झालं. तिने डिस्ट्रिब्युटर हळूच फिरवला. आवाज चढला, मग जरासा चिरका झाला. तिने डोळे मिटले, मान कलती केली आणि केसभर मागे घेतला. चिरकेपणा गेला. तेल दिलेलं शिलाई मशीन चालावं तसं इंजिन एका लयीत चालू लागलं. तिने बोल्ट आवळला. मग दोघांनी गाडी मागच्या चढावर नेली. भावाने पाय दाबला, तरी एक ठोका नाही.

"अगदी बाबांसारखं," परत आल्यावर भाऊ म्हणाला.

तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

इंजिन बंद करून भावाने फळीवरची छिन्नी तिच्या हातात दिली. "ताई, या वेळी एवढं करून दे. डिस्ट्रिब्युटरवर एक रेघ, त्याच्यासमोर इंजिनच्या ब्लॉकवर एक. पुढच्या वेळी रेघेला रेघ जुळवली की झालं."

"आणि मी?"

"तुझीच धावपळ वाचेल गं. तुझ्यासाठीच म्हणतोय." तो हातोडी शोधायला आत गेला.

ती बॉनेटखाली वाकली. ब्लॉकवर सगळीकडे करपलेल्या तेलाची काळी पुटं होती. फक्त डिस्ट्रिब्युटरच्या पलीकडच्या अंगाला, एरवी नजर जाणार नाही अशा जागी, ग्रीसचा जाड थर होता. तिथे ग्रीस लागायचं काही कारणच नव्हतं. तिने तो अंगठ्याने पुसला. खाली छिन्नीच्या दोन रेघा होत्या, एक वर डिस्ट्रिब्युटरवर, एक खाली ब्लॉकवर, अगदी समोरासमोर. जुन्या, कडा गुळगुळीत झालेल्या.

आपला कान चुकला नाही, एवढंच आधी मनात आलं. मग शेवटच्या वर्षांतले बाबा आठवले. भावाने सगळा कारभार हाती घेतलेला, बाबा दाराशी स्टुलावर बसून. ही एक गाडी अडली, तरच भाऊ त्यांना हाक मारायचा. मग ते सगळ्यांना मागे सारायचे, बॉनेटखाली वाकून अंगठ्याने काहीतरी पुसायचे, आणि नंतर डोळे मिटून, मान कलती करून बराच वेळ उभे राहायचे. त्यांच्याच शेजारी उभं राहून ती तशी मान कलती करायला शिकली होती.

बाबा ऐकत नव्हतेच; रेघेला रेघ जुळवून ऐकल्याचं सोंग करत होते. वाटणीत मिळालेला एकुलता एक दागिनाही खोटा निघाला. बाबांनी दोन्ही पोरांच्या तोंडाला पानं पुसली होती.

आतून भावाची पावलं ऐकू आली. तिने शेजारच्या डब्यातलं बोटभर ग्रीस घेतलं आणि दोन्ही रेघांवर दाबून बसवलं.

"हं, कुठे करायची खूण?" भाऊ हातोडी घेऊन आला.

"खूण करून उपयोग नाही." तिने छिन्नी त्याला परत दिली. "पॉइंट झिजले की रेघ खोटी पडते."

"मग?"

"मग काय. बोलवायचं मला."

भावाने सुस्कारा टाकला. "बाबासुद्धा हेच म्हणायचे."

अंगठ्याचं ग्रीस निघत नव्हतं, ती चिंधीने घासत राहिली.