मागून मारलेली हाक

बंदरावरून पुलाचा पोलादी गर्डर आला, की नाशिकच्या वेशीवरच्या त्या ट्रान्सपोर्ट यार्डात भिमाबाईच्या तव्याला उसंत नसे. ट्रेलरबरोबर पाच-सहा माणसं असायची, कसारा घाट चढून अगदी आंबून गेलेली. त्यांना गरम गरम नागलीची भाकरी, लसणाची चटणी आणि पातळ डाळ लागे. देवराम ड्रायव्हर पहिला घास घेऊन म्हणायचा, "भिमाबाई, तुमच्या हातची भाकरी खाल्ली ना, की घाटाचा सगळा शीण उतरतो बघा." भिमाबाई तोंडाला पदर लावून हसायची.

पण गाडी सुटायच्या दिवशी याच भिमाबाईला स्वयंपाकाच्या पत्र्याच्या खोलीतून बाहेर यायला मनाई होती. मालक समर्थशेठ शिकलेला, चांगला इंजिनीअर झालेला माणूस. त्याची बायको सुवर्णा इंदिरानगरहून पूजेचं ताट घेऊन यायची, ट्रेलरच्या तोंडाला हळदकुंकू लावायची, नारळ फुटायचा, आणि गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत भिमाबाईच्या खोलीचं दार ओढलेलं असायचं. भिमाबाई विधवा होती ना! हातची भाकरी चाले, तोंड चालत नसे. दुसरा नियम याहून कडक. नारळ फुटल्यावर कोणी गाडीला मागून हाक मारायची नाही, 'थांब' म्हणायचं नाही आणि तारेचं नाव तर मुळीच काढायचं नाही. शहरातला द्वारकेचा चौक ओलांडेपर्यंत हे पाळायचं. हा नियम कोणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळत मात्र सगळेच होते, अगदी डोळे झाकून.

तारेचं नाव का काढायचं नाही, हे भिमाबाईइतकं कोणाला कळणार? तिचा नवरा भिका पेठच्या डोंगरातला आदिवासी. असल्या अवजड मालावर बसून, लांब सुक्या बांबूने रस्त्यावरच्या विजेच्या तारा उचलून धरायचं काम तो करी. खालून ट्रेलर मुंगीच्या पावलाने सरके, वर भिका तार तोलून धरी. चार वर्षांपूर्वी एक तार बांबूवरून घसरली आणि भिका गेला. समर्थशेठने 'माणुसकी म्हणून' भिमाबाईला भाकरीचं काम दिलं आणि भिकाचा बांबू तिच्या जावयाच्या, दिनेशच्या हातात दिला. वर बसायला पेठ-सुरगाण्याचीच माणसं का लागतात, हा प्रश्न यार्डात कोणी विचारला नाही. विचारायला माणसाला लाज असावी लागते.

त्या वेळचा गर्डर चौतीस मीटर लांब होता. वणीच्या रस्त्यावर नदीचा पूल होत होता, तिथे तो पोचवायचा होता. समर्थशेठने पंधरा दिवस आधी स्वतः रस्ता पाहिला होता, आडव्या येणाऱ्या एकोणीस तारा मोजून कागदावर मांडल्या होत्या आणि त्या एकोणीस ठिकाणची वीज वेळेवर बंद ठेवण्याचं नक्कीही करून घेतलं होतं. काम चोख होतं, नाही कशाला म्हणा!

भिमाबाई दोन दिवस वणीजवळ बहिणीकडे गेली होती. गाडी सुटायच्या दिवशी सकाळी ती काळ्यापिवळ्या जीपने परत निघाली. दिंडोरी अजून यायची होती, तोच एका वळणावर चिंचेच्या झाडांमागे तिला एक नवी तार दिसली. नव्या कोल्ड स्टोरेजला वीज दिली होती, आठवडाही झाला नसेल. पुढे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर चालला होता. त्या तारेखाली येताच कडब्यावर बसलेला माणूस पार पोटावर झोपला. भिकाने तिला शिकवलं होतं, तारेखालून जाणाऱ्या गाडीकडे बघ, वरचा माणूस सांगतो तार किती खाली आहे ते. आणि ही विसावी तार होती!

जीपमधूनच तिने दिनेशला फोन लावला. दोनदा, तीनदा. उचलला नाही. यार्डात पोचली तेव्हा अकरा वाजले होते, ट्रेलरचं इंजिन घुरघुरत होतं, दिनेश गर्डरच्या पार मागच्या टोकाला, खालचं बोलणं पोचणार नाही असा, बांबू घेऊन बसला होता आणि सुवर्णा कुंकू लावत होती. भिमाबाई घामाने निथळत थेट गाडीच्या पुढ्यात आली.

"शेठ, वणी रोडला—"

"हिला आत कोणी सोडलं?" समर्थशेठ ओरडला. "गेणू! अरे काय झोपा काढतोस काय?"

सुवर्णाने झटकन तोंड फिरवलं. वॉचमन गेणू धावत आला. "चला मावशी, चला. कशाला शुभकार्यात विघ्न आणता!" म्हणत त्याने तिला ढकलतच पत्र्याच्या खोलीकडे नेलं.

"अरे गेण्या, ऐक तरी! वळणावर नवी तार हाय, लय खाली हाय! शेठच्या कागदात नाय ती!"

"तोंड आवरा! आज त्या गोष्टीचं नाव घेतात का?" गेणूने दार ओढून बाहेरून कडी घातली.

नारळ फुटला. भिमाबाई पत्र्यावर मुठी आपटत होती. "देवरामभाऊ! तार! वणी रोडला तार खाली हाय! गाडी थांबवा!" इंजिनाचा आवाज चढला. तिने पुन्हा दिनेशला फोन लावला, आणि खोलीच्याच कोपऱ्यात घंटी वाजली. त्याचा फोन तिच्या पिठाच्या डब्यावर चार्जिंगला लावलेला होता. मग तिने समर्थशेठला लावला. त्याने कापला. परत लावला, परत कापला. गाडीपुढे पायलट जीपमध्ये बसलेल्या शेठला निघताना विधवेचा आवाज कानावर नको होता.

पंधरा-वीस मिनिटांनी गेणूने कडी काढली. त्यालाही आत कुठेतरी टोचलं असावं. "लावतो मी शेठला, पण द्वारका ओलांडू द्या. नियम आहे ना मावशी, माझी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी! आन् माझ्या मीनाचं काय रं?" भिमाबाई रडत नव्हती, चिडली होती. मीना तिची मुलगी, दिनेशची बायको. ती तेव्हा द्राक्षाच्या बागेत मणी विरळणीला गेली होती, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. भिमाबाईने वाट पाहिली नाही. ती रस्त्यावर आली, पण वणीकडे जाणारी गाडी मिळता मिळता दोन तास गेले.

बाराच्या सुमारास ट्रेलर द्वारकेबाहेर पडला, तेव्हा गेणूने खरंच फोन केला. समर्थशेठ हसला. "सर्व्हे मी स्वतः केलाय. आता भाकरी थापणारी मला तारा शिकवणार का?" आणि फोन ठेवला. दिंडोरीच्या पुढे ट्रेलर थांबवून ते एक वळण बघून यायला दहा मिनिटं पुरली असती. वाचकहो, फक्त दहा मिनिटं!

दिंडोरीच्या पुढे भिमाबाईची जीप अडकली, कारण तो गर्डरच सगळा रस्ता अडवून चालला होता. मागे मैलभर गाड्या खोळंबल्या होत्या. ती उतरली आणि अडकलेल्या गाड्यांच्या कडेने धावत सुटली, चपला हातात घेऊन, पन्नाशीची बाई. दुरून तिला चिंचेची झाडं दिसली. गर्डरवर उभा दिनेश दिसला. तो झाडांच्या फांद्या चुकवत होता, वाकून बघत होता. तार त्याला वळल्यावरच दिसली. त्याने बांबू वर केला, तार उचलली, तोलली. भिमाबाईने ऊर फुटेस्तोवर हाक मारली, "दिनेश! खाली बस!"

नवी ताणलेली तार ती. बांबूवरून घसरली आणि त्याच्या खांद्यावर आली. सव्वीस वर्षांचा पोरगा पोलादावर पडला आणि उठला नाही.

दुसऱ्या दिवशी यार्डात आणि वस्तीत एकच बोलणं होतं. काय बोलणं असेल, तुम्हीच ओळखा. सर्व्हे चुकला, असं? छे! "निघताना रांडमुंड बाई आडवी आली, आणि वर मागून हाक मारली. मग काय होणार?" समर्थशेठही सांत्वनाला येऊन हेच बोलला, जरा सभ्य शब्दांत. "मावशी, मी तुम्हाला दोष देत नाही. पण तुम्ही त्या दिवशी समोर यायला नको होतं." भिमाबाई सांगायला गेली होती, तेच त्यांनी तिच्यावर ढकललं होतं. आणि कहर म्हणजे सगळ्यांना ते पटलंही!

दहाव्याला शेजारच्या बायका मीनाच्या बांगड्या फोडायला आल्या. विमलाबाई पुढे होती, कुंकू पुसायला ओला फडका घेऊन. मीना मुकाट्याने हात पुढे करणार, तोच भिमाबाई मध्ये उभी राहिली.

"हात लावाल तर बघा! आमच्या डोंगरात हे नव्हतंच. तिथं नवरा मेला तर बाईचा पुन्हा पाट लावत्यात, तिला शेतात, लग्नात, समद्यात घेत्यात. हे तोंड लपवणं मी तुमच्या शहरात येऊन शिकले. चार वर्षं त्या खोलीत कडी लावून बसले. मी बाहेर असते, तर माझा जावई जिता असता."

"आये, राहू दे गं," मीना पुटपुटली.

"नाय राहू द्यायचं! तुझ्यावर कडी घालू देणार नाय मी."

बायका एकेक करून निघून गेल्या. विमलाबाई जाताना म्हणाली, "शोभत नाही हो हे."

महिन्याने बंदरावरून दुसरा गर्डर आला. ड्रायव्हर देवरामच, वर बसायला सुरगाण्याचा दुसरा कोणी. सुवर्णा ताट घेऊन आली. फाटकातून भिमाबाई आणि मीना आत आल्या, मीनाच्या हातात बांगड्या तशाच होत्या. दोघी चालत ट्रेलरच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. भिमाबाईच्या हातात मोजायची टेप होती.

"आधी मालाची उंची मोजा, मग आजच्या आज रस्ता बघून या. नारळ नंतर फोडा."

"गेणू!" समर्थशेठ ओरडला. गेणू जागचा हलला नाही.

तेव्हा ट्रेलरचं इंजिन बंद झालं. देवराम खाली उतरला. तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस तो. "शेठ, मी त्या दिवशी ऐकलं होतं. इंजिनाच्या आवाजातून मला 'तार' ऐकू आलं होतं. 'थांबवा' पण ऐकू आलं. आपल्यात मागं वळून बघायचं नाही, म्हणून मी बघितलं नाही. महिना झाला, घास उतरत नाही माझ्या घशाखाली. आता ह्या बाई हो म्हणतील तेव्हाच चावी फिरवीन. नाहीतर दुसरा ड्रायव्हर बघा."

त्या दिवशी गाडी तीन तास उशिरा सुटली. पाहणीला गेलेल्या जीपला एका ठिकाणी नव्या केबलचा झोळ सापडला, एवढाच त्या तीन तासांचा हिशेब. समर्थशेठने कुणाची माफी मागितली नाही. सुवर्णाने ताट तसंच धरून ठेवलं होतं, मग ते गाडीच्या पायरीवर ठेवलं. दिनेश काही परत आला नाही.

आता तुम्हाला विचारतो. तुमच्या घरच्या लग्नात, मुंजीत, नव्या गाडीच्या पूजेत मागच्या खोलीत बसवलेली एखादी बाई असेलच. ती काहीतरी सांगायला उठली होती, आणि तुम्ही तिला 'आता नको' म्हणालात. काय सांगत होती ती? आज जाऊन विचारा.