कोरडं वॉशर

"चपला बाहेर. आणि पिशवी इथे, माझ्यासमोर उघडा," तपासनीस म्हणाले.

प्लंबरने निमूटपणे पिशवी उघडली. पाना, पक्कड, पांढऱ्या टेपची गुंडाळी, एक बंद खोका. तपासनिसांनी वाकून एकेक वस्तू नजरेखालून घातली. गिरणीच्या कोठारात त्यांनी चौतीस वर्षं हेच केलं होतं. वहीत काय लिहिलंय आणि फळीवर काय आहे ते ताडून बघायचं, आणि फरक सापडला की माणसाला समोर उभं करायचं. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. इमारतीत त्यांना मागून 'एक्स-रे' म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्यांना आवडायचंही.

मात्र महिन्याभरात या एक्स-रेच्या घरात तीनदा पाणी झालं होतं. दुपारी डोळा लागावा, न्हाणीघरातला नळ वाहत राहावा आणि खालच्या वहिनींच्या छतातून ठिबक सुरू व्हावी. तिन्ही वेळा वहिनी धावत वर आल्या, दार वाजवून त्यांना उठवलं, स्वतः आत जाऊन नळ बंद केला आणि म्हणाल्या, "नळ सैल झालाय काका." नंतर ही गोष्ट कशी कोण जाणे लेकीच्या कानावर गेली. ती राहायची दूर, दुसऱ्या शहरात. फोनवर तिने स्पष्टच सांगून टाकलं होतं, "बाबा, पुन्हा असं झालं ना, तर मी तुमचं सामान बांधायलाच येणार. एकटं राहणं आता बास."

तेव्हा प्लंबर शोधणं भाग होतं. तपासनिसांनी खालच्या वहिनी, समोरचे मास्तर आणि वरच्या मजल्यावरची नर्स यांना मुद्दाम वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांनी हाच माणूस सांगितला, आणि शब्दही तेच: "डोळे मिटून बोलवा." झालं, तपासनिसांच्या मनात पाल चुकचुकली. कोठारात तीन माणसं एकाच शब्दांत बोलू लागली की जबानी पढवलेली निघायची. म्हणे डोळे मिटून! डोळे मिटून ते फक्त झोपत, आणि हल्ली तेही महागात पडत होतं.

न्हाणीघराच्या दारात स्टूल टाकून ते पहाऱ्याला बसले. प्लंबरने न्हाणीघरापुरता कॉक बंद केला आणि नळाला पाना लावला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. घामाने त्याची मान भिजलेली बघून तपासनिसांना राहवलं नाही. संशय संशयाच्या जागी, पण घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायला नको? ते स्वयंपाकघरात जाऊन ग्लास भरून लगबगीने परत आले. एवढ्यात याने काही घोळ घातला तर काय, ही धाकधूक होतीच.

"हे बघा काका," प्लंबरने तळहात पुढे केला. "वॉशर गेलंय. पार चिरलंय. नळ कितीही आवळा, पाणी येणारच. म्हटलं, आता नवा नळच बसवू."

तपासनिसांनी ते वॉशर उचललं, खिडकीपाशी नेलं, बोटांत चोळून पाहिलं.

"मिस्त्री, हे आत्ता या नळातून काढलंत?"

"हो तर."

"मग कोरडं कसं?"

प्लंबरने पाना खाली ठेवला. तपासनिसांना कितीतरी वर्षांनी तो जुना आनंद झाला. चोर हातात आला होता.

"बोला ना! कोण कोण आहे यात? वहिनी सामील आहेत?"

"आहेत," प्लंबर म्हणाला. "मास्तर पण. नर्सबाई पण."

इतक्या लवकर कबुली येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"नळाला काही झालेलं नाही, काका. चांगला घट्ट बसतो. तो उघडाच राहायचा. तिन्ही वेळा पूर्ण उघडा होता, असं वहिनी म्हणाल्या. काकांना वॉशरचं सांगा, म्हणाल्या, आणि दाबायचा नळ बसवून द्या, थोडा वेळ वाहून आपला आपण बंद होणारा. नाहीतर त्यांची लेक त्यांना घेऊन जाईल."

"साफ खोटं! मी माझ्या हाताने बंद केला होता. पक्कं आठवतंय मला."

प्लंबरने मान खाली घातली. घरात शांतता झाली, आणि त्या शांततेत तपासनिसांना स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला. धो धो, मोकळा.

ते गेले. नळ बंद केला. ओट्याला धरून जरा उभे राहिले. त्यांना भीती वाटली, लहान मुलाला गर्दीत हात सुटल्यावर वाटते तशी.

परत आले तेव्हा आवाज उतरला होता. "केव्हापासून ऐकत होता?"

"तुम्ही ग्लास घेऊन आलात तेव्हापासून. म्हटलं, दोन मिनिटांनी हात धुवायच्या निमित्ताने जाऊन बंद करू."

"सांगायचं नाही मला?"

"घराघरांत शिरतो, काका. एका घरातलं दुसऱ्या घरात नेत नाही. आणि ज्याचं त्याला सांगणं तर त्याहून अवघड."

तपासनीस बराच वेळ स्टुलावर बसून राहिले. मधल्या वेळात प्लंबरने खोका फोडून नवा नळ बसवला, कॉक उघडला, फरशी पुसली.

"असा अजून एक मिळेल?" त्यांनी विचारलं.

"दुकान खालीच आहे. दहा मिनिटांत आणतो."

"आणा. स्वयंपाकघरात बसवा. आणि लेकीला मीच सांगणार आहे. वहिनींना म्हणावं, तुम्ही कुणी खोटं बोलू नका. मग ती काय ठरवायचं ते ठरवेल."

प्लंबर जिना उतरून गेला. पिशवी उघडीच टाकून गेला होता. तपासनिसांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते न्हाणीघरात शिरले आणि त्यांनी नवा नळ दाबला. पाणी आलं, वाहिलं, थांबलं. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा थांबलं. एका तपासणीवर भागत नाही म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा दाबला, आणि पाणी थांबेपर्यंत हात मागे बांधून तिथेच उभे राहिले.